वारीत माणसांशी कसे वागावे : पहिल्यांदा पायी निघणाऱ्यांसाठी

आषाढी वारीची सगळी शिस्त एका समजुतीवर उभी आहे. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवण्याची तयारी ही वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या पायांना हात लावताना होत असते, ही ती समजूत. पहिल्यांदा निघणारे लोक चप्पल कोणती घ्यावी, पावसासाठी काय न्यावे, दिवसाला किती चालावे लागते, असे प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरे कोणाही जुन्या वारकऱ्याकडे मिळतात. परंतु आळंदी ते पंढरपूर ही सुमारे 250 किलोमीटरची वाट हजारो अनोळखी माणसांच्या सोबतीने, पावसात आणि चिखलात, अपुऱ्या झोपेवर चालताना पायांइतकाच स्वभावाचाही कस लागतो. त्या स्वभावाची तयारी कशी करावी आणि वाटेवर तो कसा सांभाळावा, हे येथे मांडले आहे. हे सारे केवळ सभ्यपणासाठी करायचे नाही. वारीतून मनाला मिळणारे स्वास्थ्य आणि बळावणारी श्रद्धा ही दोन्ही या वागण्यातूनच येतात, असे माझे ठाम मत आहे.

निघण्यापूर्वी

एकट्याने, मोकळे चालण्यापेक्षा एखाद्या दिंडीत नाव नोंदवून चालावे. तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये देहूहून पालखीची प्रथा सुरू केली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते आणि फौजेतली शिस्त त्यांना ठाऊक होती. कर्ण्याच्या इशाऱ्यावर हलणारा तळ, प्रत्येक दिंडीला ठरलेला क्रमांक, रथापुढच्या 27 दिंड्या, मागच्या दिंड्यांच्या ठरलेल्या जागा, ही व्यवस्था त्या शिस्तीतून आली. या व्यवस्थेचा एक मोठा उपकार असा की, कोण पुढे आणि कोण मागे हा वाद रोज नव्याने घालावा लागत नाही. आपली जागा ठरलेली असली की दुसऱ्याच्या जागेकडे पाहण्याची गरज उरत नाही, आणि मनाची निम्मी तगमग तिथेच शमते.

दिंडीत नाव देताना भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, वेळेवर भरावी आणि आपले वय, आजार, चालू असलेली औषधे यांची माहिती दिंडीप्रमुखांना स्पष्ट सांगावी. मधुमेह किंवा रक्तदाब लपवून चालणारा माणूस दिवेघाटात बसला, तर त्याच्यासाठी चार माणसांना मागे थांबावे लागते. म्हणून आपली प्रकृती खरी सांगणे हा सोबत्यांविषयीच्या आदराचाच भाग आहे. सामान बेताचे न्यावे, कारण ते ट्रकवर चढवणारे आणि उतरवणारे हातही माणसांचेच असतात, आणि बऱ्याचदा ती माणसे आपल्यापेक्षा वयाने मोठी असतात.

घरी किंवा भावकीत ज्याच्याशी बोलणे टाकलेले असेल, त्याला निघण्यापूर्वी भेटावे, निदान फोन करून वारीला निघाल्याचे सांगावे. भांडण लगेच मिटेल असे नाही. पण मनात अबोला धरून दोन-अडीच आठवडे भजनात उभे राहणे किती जड जाते, हे पुण्याच्या पुढे गेल्यावर कळते. त्या वेळी मागे फिरता येत नाही.

पाया कसे पडावे

वारीत एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे आणि नवख्या माणसाला सर्वांत जास्त अवघडल्यासारखे होते ते येथेच. बाहेरच्या जगात धाकटा थोरल्याच्या पाया पडतो, आणि थोरला आशीर्वाद देऊन मोकळा होतो. वारीत तसे नसते. सत्तरीचे आजोबा विशीतल्या मुलाच्या पायांकडे वाकतात, कीर्तनकार आणि विणेकरी एकमेकांना वंदन करतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना देणारा आणि घेणारा दोघेही वाकतात. तेव्हा कोणी आपल्या पायांना हात लावला तर ताठ उभे राहून हात वर करू नये आणि "अहो, तुम्ही कशाला" म्हणून त्याला अडवूही नये. आपणही तत्काळ वाकावे. अडवण्यातही एक प्रकारे आपला मान आपणच ठरवणे आहे.

वाकताना माणूस निवडू नये. कपडे बघून, बोलण्याची ढब ऐकून किंवा गळ्यात तुळशीची माळ आहे की नाही हे पाहून जो वाकतो, त्याचे वाकणे कमरेपुरतेच राहते. प्रत्येकाला "माउली" म्हणण्याची वारीतली पद्धत या निवडीला फार चांगला आळा घालते. समोरच्याला माउली म्हटले की आडनाव, गाव, नोकरी, शिक्षण यांतले काही विचारावे लागत नाही. मला तर वाटते की पहिले काही दिवस नव्या वारकऱ्याने आडनाव विचारण्याचे कटाक्षाने टाळावे. ओळख झाल्यावर ते आपोआप कळेल. पण तोवर आपण त्या माणसाबरोबर जेवलेलो असू, त्याच्या ताटाशेजारी ताट मांडलेले असेल आणि आडनावातून निघणारे हिशेब जुने झालेले असतील.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनोळखी स्त्रीने हात जोडले असतील तर आपणही हात जोडावेत. श्रद्धेच्या नावाखाली जवळीक करू नये. वंदनात दोन्ही बाजूंची मोकळीक हवी, नाहीतर तो आदर राहत नाही.

सेवा देताना आणि घेताना

सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा गावांमधून पालखी जाते तेव्हा गावे आपली घरे उघडतात. कोणी भाकरी देतो, कोणी पाय चेपून देतो, कोणी तुटलेली चप्पल फुकट शिवून देतो, कोणी ओसरीवर झोपायला जागा देतो. आयुष्यभर पैसे मोजून वस्तू घेण्याची सवय झालेल्या शहरी माणसाला हे स्वीकारणे अवघड जाते. तो पुन्हा पुन्हा नोटा पुढे करतो. ज्या घराने प्रेमाने भाकरी वाढली आहे त्याला तिथेच किंमत मोजून दाखवू नये. पोटभर जेवावे, पान स्वच्छ करावे, घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि चुलीपुढे बसलेल्या माउलीला नमस्कार करावा. पैसे द्यावेसे वाटलेच तर दिंडीच्या अन्नदानात द्यावेत.

दुसऱ्याकडून घेता येणे ही नम्रतेची फार कठीण बाजू आहे, आणि मनाच्या स्वास्थ्याशी तिचा संबंध अगदी जवळचा आहे. आपण कोणाचे काही लागत नाही, या भावनेने जगणारा माणूस सतत ताणलेला असतो, कारण त्याला स्वतःचे सगळे स्वतःच सांभाळायचे असते. लोणंदच्या तळावर कोणी अनोळखी बाई आपल्या सुजलेल्या पायांना तेल लावते तेव्हा हा ताण सैल होतो. पुष्कळांना त्या वेळी रडू येते. ते आवरू नये.

वाटेवर सेवा करायला येणाऱ्यांसाठीही थोडे सांगायला हवे. चालत्या टेम्पोवरून बिस्किटांचे पुडे आणि केळी भिरकावणे ही सेवा नव्हे. वारकरी भिकारी नसतो. उतरून, हातात, तोंडाकडे बघून द्यावे आणि देताना आपणच नमस्कार करावा. जे द्यायचे त्याचा कचरा कोण उचलणार, याचा विचार आधी करावा. प्लास्टिकच्या पेल्यांच्या खचाने ज्या शेतकऱ्याचे बांध भरतात, तोही माउलीच आहे. दिंडीला कशाची गरज आहे हे आधी विचारले तर उत्तर बहुधा पाण्याचा टँकर, मलमपट्टी, कोरडी जागा किंवा स्वच्छ शौचालय असे मिळते. फोटो काढायचाच असेल तर ज्याला देतो आहोत त्याची परवानगी घ्यावी. खरे तर तो न काढलेलाच बरा.

गाडगेबाबांनी या बाबतीत घालून दिलेला धडा आजही पुरेसा आहे. ते गावात आले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. हा क्रम त्यांनी विचारपूर्वक ठेवला होता. पालखी तळावर सकाळी निघण्यापूर्वी आपल्या राहुटीभोवतीची जागा झाडून घेणाऱ्या दिंड्या आजही आहेत. तिथे पहाटे टँकर आणि फिरती शौचालये साफ करणारे कर्मचारीही असतात. टाळ वाजवणाऱ्याच्या पाया पडणारे लोक या माणसांजवळून नाक दाबून जातात, तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यांना नाव विचारावे, चहा विचारावा, माउली म्हणावे. वारीत वाकण्याची कसोटी लागते ती येथे.

चिडचिड होते तेव्हा

पुणे ते सासवड हा टप्पा लांब आहे, त्यात दिवेघाटाची चढण आहे, आणि त्या रात्री तळावर पोहोचल्यावर पाण्याच्या नळापाशी रांग असते. अंग ठणकत असते, कपडे ओले असतात, कोणीतरी मधे घुसतो आणि शब्दाला शब्द लागतो. असे होणारच. अशा वेळी काय करायचे हे आधी ठरवून ठेवावे, कारण थकलेल्या माणसाला त्या क्षणी नवे काही सुचत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे दमल्यावर वादाचे बोलणे सुरू करू नये. अंघोळ, जेवण आणि हरिपाठ होईपर्यंत ते लांबवावे. निम्मी भांडणे जेवणानंतर उरत नाहीत. दुसरे, जो मधे घुसला त्याच्या मागे कोणी आजारी आहे का, हे विचारून घ्यावे. पुष्कळदा तो मागे बसलेल्या आईसाठी पाणी नेत असतो. आणि आपल्याकडून शब्द गेला असेल तर रात्र उलटू न देता त्या माणसापाशी जाऊन पाया पडावे. यासाठी वारीसारखी जागा नाही, कारण येथे पाया पडणे रोजचेच असल्याने क्षमा मागताना मोठे भाषण करावे लागत नाही. माणूस वाकतो, समोरचाही वाकतो आणि प्रकरण मिटते. राग पोटात ठेवून आडव्या झालेल्या माणसाला झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचे पाय लवकर भरून येतात, तो ओळीत मागे पडतो आणि त्याचे टाळ तालात पडत नाहीत. शरीर आणि मन यांची ही गाठ वारीत जितकी उघड दिसते तितकी घरी दिसत नाही.

मात्र आदर म्हणजे निमूटपणे सोसणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. सोहळ्याने तक्रारीसाठीही जागा ठेवली आहे आणि ती मला वारीतल्या सर्वांत शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते. मुक्कामी पालखी तळावर सायंकाळी समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात आणि टाळ-मृदंगांचा गजर चालू असतो. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. परंतु ज्या दिंडीला काही तक्रार आहे, ती आपले टाळ वाजवत राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, म्हणणे ऐकून घेतात आणि निवाडा सांगतात किंवा विषय सोहळ्याच्या मालकांपर्यंत, म्हणजे हैबतबाबांच्या वंशजांपर्यंत, नेतात. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूही याच वेळी पुकारल्या जातात. त्यानंतरच आरती होते. आधी माणसांचे गाऱ्हाणे ऐकायचे आणि मग देवाची आरती करायची, हा क्रम प्रत्येक घराने आणि संस्थेने उचलावा असा आहे. आपली अडचण असेल तर ती आधी विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना शांतपणे सांगावी. आपापसात कुजबुज करून दिंडीत दोन तट पाडू नयेत. आणि छेडछाड, चोरी किंवा मारहाण असे काही घडले तर सोहळ्याची बदनामी होईल म्हणून दडपू नये. बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे तत्काळ जावे. पीडित माणसाच्या बाजूने उभे राहणे ही त्या क्षणीची खरी भक्ती आहे.

परंपरेतली दुखरी जागा

वारीत सगळे समान असतात, असे म्हणताना थोडे थांबायला हवे. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या संताने आयुष्यभर विठ्ठलाला आळवले, त्याला जातीमुळे मंदिरात प्रवेश नव्हता, आणि त्याच्यासारख्या लाखो माणसांना पुढे कित्येक शतके तो मिळाला नाही. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. त्यानंतर मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले झाले. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, तीही राहायला जागा न मिळणाऱ्या याच माणसांसाठी.

हे नव्या वारकऱ्याला सांगण्याचे कारण असे की, आदराची शिकवण परंपरेत असली तरी तिचे आचरण प्रत्येक पिढीला स्वतः करावे लागते. दिंडीत जेवणाच्या पंगती वेगळ्या बसताना दिसल्या, कोणाला वीणा देताना किंवा स्वयंपाकाला हात लावू देताना चाचरणे जाणवले, तर आवाज न चढवता, पण न डगमगता त्या माणसाशेजारी जाऊन बसावे. उपदेशापेक्षा ही कृती जास्त काम करते. चोखोबांच्या समाधीपाशी डोके टेकवून पुढे जाणारा, पण गावाकडे परतल्यावर वस्तीतल्या माणसाला दारातच उभे करणारा भक्त, हे दृश्य अजून संपलेले नाही, आणि ते संपवण्याचे काम आपल्याकडेच आहे.

दर्शनाच्या रांगेत

वाखरीला सगळ्या पालख्या जवळ येतात आणि पुढे पंढरी दिसू लागते. येथवर सांभाळलेले वागणे बहुतेक वेळा येथे सुटते. दर्शनाची रांग काही किलोमीटर लांब जाते, तासन् तास उभे राहावे लागते, आणि ओळखीच्या अधिकाऱ्याकडून चिठ्ठी मिळवून पुढे जाण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपण पुढे सरकलो तर जो एक माणूस मागे राहतो तो बहुधा कोणाचीच ओळख नसलेला शेतमजूर असतो. रांगेत लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर स्त्रिया असतील तर त्यांना पाणी आणि बसायला जागा मिळेल असे पाहावे. ढकलाढकल सुरू झाली तर आपण जोर लावू नये, मागच्यांनाही हाताने थोपवावे.

वेळ नसेल किंवा प्रकृती साथ देत नसेल तर मुखदर्शन घ्यावे, तेही जमले नाही तर कळसाला हात जोडावेत. असंख्य वारकरी कळस पाहून, चंद्रभागेत स्नान करून आणि नामदेव पायरीवर डोके ठेवून समाधानाने परततात, आणि त्यांची वारी उणी राहिली असे कोणी मानत नाही. त्यांना हे समाधान कुठून येते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वाटभर ज्याने शेकडो पायांना हात लावलेले असतात आणि ज्याच्या पायांनाही शेकडो हात लागलेले असतात, त्याच्या दृष्टीने दर्शन आळंदीपासूनच सुरू झालेले असते. गाभाऱ्यात विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येणे हे पंढरपूरचे मोठे वैशिष्ट्य आहे. पण त्या एका क्षणात काय अनुभवास येईल ते मागच्या दिवसांत आपण कसे वागलो यावर अवलंबून असते. जो सगळी वाट स्वतःचा मान राखत, स्वतःच्या सोयी मोजत आला, त्याला तो क्षण धक्काबुक्कीत निसटल्यासारखा वाटतो. मानाचे ओझे सतत सांभाळणे हे फार दमवणारे काम आहे. वारी ते खाली ठेवायला शिकवते, आणि मन हलके झाले की श्रद्धेला त्यात जागा मिळते.

परतताना

एकादशी झाली की पुष्कळ लोक लगेच एसटी पकडतात. शक्य असेल तर पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबावे. काल्याच्या लाह्या-दही एकमेकांच्या तोंडी घालताना जात, वय, हुद्दा यांपैकी काहीही आड येऊ देऊ नये. तो प्रसाद वेगळा काढून, पिशवीत बांधून नेण्यापेक्षा तिथेच शेजारच्याच्या हातून खावा. दिंडी पांगण्यापूर्वी भिशीचा हिशेब पुरा करावा, उसने घेतलेले परत करावे आणि आचारी, ट्रकचालक, पाणी भरणारे यांना शोधून, नाव घेऊन भेटावे. निरोपाच्या गर्दीत हे लोक भांडी घासत किंवा दोऱ्या आवळत असतात आणि त्यांची आठवण कोणाला राहत नाही.

घरी गेल्यावर महिन्याच्या एकादशीला तरी दिंडीतल्या एखाद्या सोबत्याला फोन करावा. विशेषतः जे वयस्कर आहेत, एकटे राहतात, त्यांना करावा. आपल्या इमारतीत कचरा उचलायला येणारा माणूस, घरकाम करणाऱ्या ताई, कार्यालयातला शिपाई यांच्याशी बोलताना "माउली" म्हटले नाही तरी चालेल. पण त्यांचे पूर्ण नाव माहीत असावे, ते आजारी पडले तर चौकशी व्हावी आणि त्यांचे पैसे ठरल्या दिवशी मिळावेत.

आणि ज्यांची घरे पालखीमार्गावर आहेत त्यांच्यासाठी एक विनंती आहे. माउलींच्या पादुका काल्यानंतर पायीच आळंदीला परत जातात. या परतवारीत माणसे थोडी असतात, टप्पे लांब असतात, स्वागताच्या कमानी उतरलेल्या असतात, टेम्पो आणि कॅमेरे तर नसतातच. शेतात पेरण्यांची घाई असते हे खरे आहे. तरीही ते थोडे लोक भर पावसात आपल्या गावावरून जातील त्या दिवशी रस्त्यावर येऊन उभे राहावे, चहा द्यावा, रात्रीच्या मुक्कामाला कोरडी जागा आहे का हे विचारावे आणि नसेल तर आपली ओसरी मोकळी करून द्यावी.